भागीरथी तुपसुंदर, हजर

शेख वकिलांनी मस्टरच्या झेरॉक्सवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत विचारलं, "द्वारकाबाई, ही भागीरथी तुपसुंदर कोण?"

"असंल कुणीतरी," मी म्हटलं.

"असंल कुणीतरी कसं? तुमच्याच रस्त्यावर आहे. तेली गल्ली ते एस. टी. स्टँड. पाच वर्षं तुम्ही तोच रस्ता झाडताय. ही बाई तुम्हाला एकदाही दिसली नाही?"

आम्ही सत्तावीस जणी वस्तीतल्या समाजमंदिरात फरशीवर बसलो होतो. साल अठ्ठ्याण्णव. खडकपूर नगरपालिकेचे रस्ते आम्ही झाडायचो, पण पालिकेच्या नव्हतो, ठेकेदाराच्या होतो. आम्हाला कायम करा म्हणून कामगार कोर्टात दावा लावलेला, आणि परवा साक्ष होती. पहिली साक्ष माझी, कारण द्वारकीचं तोंड कुणाच्या बापाला ऐकत नाही अशी सगळ्यांची खात्री. आणि नेमकी त्या दिवशी माझीच दातखीळ बसली.

शेख वकिलांनी झेरॉक्सचा गठ्ठा खाली ठेवला. माणूस शांत, कधी आवाज चढवायचे नाहीत. म्हणाले, "बायांनो, नीट ऐका. वर्षात दोनशे चाळीस दिवस काम केलं की कायदा तुमच्या बाजूनं उभा राहतो. मग तुम्हाला 'उद्यापासून येऊ नको' असं सहज म्हणता येत नाही. आता हे मस्टर बघा. तुमच्यातल्या एकीचेही एकशे साठच्या वर दिवस नाहीत. जानेवारी ते जून द्वारका खुडे. जुलै लागला की द्वारका गायब, भागीरथी सुरू. पुन्हा जानेवारीत द्वारका. सगळ्यांचं तसंच. परवा ठेकेदाराचे कुलथे वकील हे वर करून दाखवतील, आणि आपला दावा दहा मिनिटांत संपेल. म्हणून विचारतोय. ही माणसं कोण?"

सगळ्या पदराशी चाळे करत बसल्या.

आता तुम्हाला सांगते काय भानगड होती ती. आमच्यात एक रीत होती. बाई बाळंत झाली, आजारी पडली, की तिची जाऊ नाहीतर बहीण तिच्या नावावर उभी राहायची. मुकादमानं नाव पुकारलं की ही 'हजर' म्हणायची आणि खराटा उचलायची. ह्याला आम्ही जागा धरणं म्हणायचो. माझ्या धाकट्याच्या वेळी माझी जागा हौसानं धरली, माझ्या थोरल्या जावेनं. तिला कावीळ झाली तेव्हा तिची मी धरली. त्यात काही खोटं आहे असं कुणाच्या डोक्यातसुद्धा यायचं नाही. उलट जी नाही म्हणेल तिलाच वस्ती नावं ठेवायची.

ही रीत ठेकेदाराच्या कानावर गेली. पहिल्याच वर्षी जून संपताना दगडू मुकादम म्हणाला, "बायांनो, साहेबाच्या कागदाचा कायतरी घोळ हाय. सहा महिन्यांसाठी घरातलं दुसरं नाव सांगा. काम तेच, रस्ता तोच." आम्ही काय, पटापट सांगून मोकळ्या. कुणी सासूचं दिलं, कुणी नणंदेचं. हौसानं तर शाळेत जाणाऱ्या लेकीचं दिलं. आम्हाला वाटलं, जागाच धरायचीय ना, धरू. वर मुकादमाला चहा पाजला. इतक्या आम्ही शहाण्या!

शेवटी मलाच राहवलं नाही. "ती माझी आई," मी म्हटलं.

शेख वकिलांचा चेहरा उजळला. "मग झालं तर! परवा त्यांना घेऊन या. त्यांनी एवढंच सांगायचं की मी कधीच ठेकेदाराकडं कामाला नव्हते."

"न्हाई आणता येणार."

"का? आजारी आहेत?"

"ब्याण्णव सालीच गेली."

वकिलांनी भराभरा पानं उलटली. "ब्याण्णव? आणि मस्टरवर नाव कधीपासून आहे?"

"त्र्याण्णवच्या जुलैपासनं."

हौसानं कपाळावर हात मारून घेतला. "मेलेलीला तरी सुखानं पडू द्यायचं हुतंस गं! जगात नावं संपली हुती का?"

नावं संपली नव्हती. पण हौसाला काय सांगू? माझ्या आईनं तोच रस्ता तीस वर्षं झाडला, तोही रोजंदारीवर. गल्लीतले लोक तिला 'ए झाडूवाली' म्हणायचे. पालिकेत गेली की 'ए म्हातारे, बाहेर थांब.' वडील 'अगं ए' म्हणायचे, आणि आम्ही पोरं आई. भागीरथी हे नाव तिला होतं, पण ते कुणी हाक मारायला वापरलंच नाही. मुकादमानं दुसरं नाव विचारलं तेव्हा माझ्या तोंडात तेच आलं. मग जुलै ते डिसेंबर, रोज सकाळी सहाला, भर चौकात दगडू मुकादम ठणठणीत आवाजात पुकारायचा, "भागीरथी तुपसुंदर!" आणि मी म्हणायची, "हजर!" खोटं कशाला बोलू, मला वर्षातले ते सहा महिने जास्त आवडायचे.

शेख वकील उठून उभे राहिले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "द्वारकाबाई, हे कोर्टात सांगितलंत तर मस्टर खोटं ठरतं. मेलेली बाई कामावर हजर कशी, ह्याचं उत्तर त्यांच्याकडं नाही. पण त्या नावापुढं अंगठा तुमचा आहे. ते म्हणतील, हिनंच फसवलं. पोलीस केसची भीती घालतील. मी लढेन, पण काहीच होणार नाही असं वचन देणार नाही. विचार करून सांगा."

मग जो कालवा झाला म्हणता! एक म्हणे, हिच्या आईपायी आमच्या म्हाताऱ्या कोर्टात ओढायच्या का? दुसरी म्हणे, आहे ते कामही जाईल. हौसा माझ्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे भरले होते. "माझी सुनी नववीत हाय, द्वारके. तिचं नाव पोलिसांत गेलं तर पोरीचं काय हुईल? तू गप ऱ्हा."

"गप ऱ्हाऊन काय मिळंल?" मी विचारलं. "माझी आई तीस वर्षं गपच हुती. तिला काय मिळालं, सांग."

"तुझं तू बघ. माझ्या पोरीचं नाव घेतलंस तर तुझा माझा संबंध संपला."

"मी माझ्यापुरतं बोलीन. तुमच्यातल्या एकीचंबी नाव माझ्या तोंडातनं निघणार न्हाई. जीभ कापली तरी न्हाई."

शेख वकील म्हणाले, "एक नाव पुरेसं आहे." आणि कागद पिशवीत भरून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दाराशी खराटा बांधत बसले होते, तर दगडू मुकादम आला. दगडू वायदंडे आमच्याच वस्तीतला. आईनं त्याला भाऊ मानलेला, दर वर्षी राखी बांधायची, म्हणून मी त्याला मामा म्हणायची. एरवी आला की हक्कानं आत जाऊन पाणी घ्यायचा. त्या दिवशी बाहेरच पायरीवर टेकला.

"तू बोलणार हायस म्हनं."

बातम्यांना पाय असतात, आणि आमच्या वस्तीत तर चाकं असतात. "व्हय," मी म्हटलं.

"ठेकेदार म्हनतोय, जिनं तोंड उघडलं ती आत जाईल. खोटा अंगठा लई मोठा गुन्हा हाय म्हनं."

"आणि खोटं नाव लिहिणारा? तो कुठं जाईल, मामा?"

तो खाली पडलेली एक काडी उचलून तिचे बारीक बारीक तुकडे करत बसला. मग म्हणाला, "त्येच सांगाया आलोय. लिहिणारा मी. ठेकेदार नामानिराळा ऱ्हाईल, दोरी माझ्या गळ्यात पडंल. मंगलचं लगीन ठरलंय गं. वैशाखात. बाप जेलात हाय म्हटल्यावर कोण करून घेईल तिला?"

मंगलला मी कडेवर खेळवलेली. पण राग त्या मायेहून मोठा होता.

"तुला ठाऊक हुतं ना आई गेलीय ते? तरी कसं लिहिलंस?"

"तूच सांगितलंस की नाव."

"मी अडाणी! मला वाटलं जागा धरायचीय. तुला तर कळत हुतं ना, सहा महिन्यांनी नाव का बदलतात ते?"

"पहिल्या वर्षी न्हवतं कळत. मागनं कळलं." त्यानं मान वर केली. "खरं सांगू? भागीरथीचं नाव पुकारताना मलाबी बरं वाटायचं. वाटायचं, हाय कुठंतरी. येईल खराटा घेऊन."

मी खराट्याची गाठ ओढली. इतकी ओढली की सुतळी तुटली. "मामा, घरी जा. मी बोलणार हाय. उद्या तू त्यांच्या बाजूनं साक्षीला येशील, तुला जे बोलायचं ते बोल. पण माझ्या आईच्या नावावर तू आणि ठेकेदारानं मिळून माझं अर्धं वर्ष खाल्लं. ते मी सोडणार न्हाई."

तो उठला. जाताना पाणीसुद्धा मागितलं नाही. मीही विचारलं नाही.

कोर्ट जिल्ह्याच्या गावी. सकाळच्या एस. टी.नं गेलो. सत्तावीस जणी, पण माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. हौसा तर पार मागच्या सीटवर. मी खिडकीतून बघत बसले आणि मनात घोकत राहिले, घाबरायचं नाही, घाबरायचं नाही.

पिंजऱ्यात उभी राहिले. शपथ झाली. शेख वकिलांनी विचारलं आणि मी सांगत गेले. रस्ता कुठला, किती वाजता, किती वर्षं, मस्टरवर नाव कसं बदलायचं, भागीरथी कोण, कधी गेली. टायपिस्ट खटाखट मारत होता. 'गेली' म्हटल्यावर त्याचा हात थांबला, त्यानं जज्जसाहेबांकडं बघितलं. ते म्हणाले, "लिहा."

मग कुलथे वकील उठले. गोरेगोमटे, गोड बोलणारे. अशा माणसांपासून चार हात लांब राहावं.

"बाई, ह्या नावापुढचा अंगठा तुमचा?"

"व्हय."

"नाव तुमचं नाही, हे ठाऊक असताना दिलात?"

"व्हय."

"म्हणजे पाच वर्षं तुम्ही खोटं बोललात."

"नाव खोटं सांगितलं. रस्ता खरा झाडला."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. पट्टेवाल्यानं डोळे वटारले.

"आणि बाकीच्या बायका? त्यांनीही अशीच नावं दिली?"

"मी माझं सांगायला उभी हाय. दुसरीचं इचारू नका, सांगणार न्हाई."

कुलथे जज्जसाहेबांकडं वळले. "साहेब, जी बाई पाच वर्षं खोटं बोलल्याचं स्वतः कबूल करते, ती आज खरं बोलतेय कशावरून? हिची आई वारली असेल, वाईट झालं. पण मस्टरवरच्या भागीरथी वेगळ्या. त्या नावाची बाई रोज कामाला येत होती. हजेरी घेणारा मुकादमच आमचा साक्षीदार आहे."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एका नावाच्या दोन बायका असू शकतात की! शेख वकिलांनी पालिकेच्या स्मशानाची नोंदवही आधीच मागवून घेतली होती. घाटावर सरण पालिकेचं, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाचं नाव तिथं लिहायची पद्धत. त्यांनी आईची नोंद दाखवली. पण नोंदीनं एवढंच ठरलं की माझी आई मेली. मस्टरवरची भागीरथी मेली असं थोडंच ठरलं! मी पिंजऱ्यातून उतरले. बाकावर बसले तर हौसा दोन हात सरकली, तिकडं.

दगडूमामाला पुकारलं. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. ठेकेदारानंच घेतलेला असणार, कॉलर गळ्याला मोठी होत होती. माझ्याकडं बघायचं टाळत पिंजऱ्यात चढला.

"भागीरथी तुपसुंदर नावाची बाई तुमच्याकडं कामाला होती?" कुलथ्यांनी विचारलं.

"हुती."

"रोज यायची?"

"यायची."

"ही द्वारका खुडे आणि ती भागीरथी वेगळ्या?"

"येगळ्या."

तिन्ही उत्तरं त्यानं पाठ केल्यासारखी दिली. मनातल्या मनात त्याला इतक्या शिव्या घातल्या की सांगायची सोय नाही. आईची राखी बांधून घेतलेला हात त्यानं पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवलेला, तो मला तोडावासा वाटत होता.

शेख वकील उलटतपासणीला उठायला लागले. पण जज्जसाहेबांनीच हात करून त्यांना थांबवलं. पाठीतून वाकलेला, थकल्या डोळ्यांचा म्हातारा माणूस. तोवर मान वर न करता लिहीतच होता. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मुकादम, ह्या भागीरथीबाई आता कुठं असतात?"

दगडूमामानं कुलथ्यांकडं बघितलं. हा प्रश्न पढवलेल्यातला नव्हता.

"इकडं बघा. माझ्याशी बोला. मागच्या डिसेंबरपर्यंत त्या तुमच्याकडं रोज हजर होत्या, असं तुमचं मस्टर सांगतं. म्हणजे असतील ना कुठंतरी? पत्ता ठाऊक आहे?"

"व्हय... न्हाई. म्हंजी..."

"ठीक आहे. उद्या सकाळी अकरा वाजता त्यांना इथं हजर करा. मला एकच प्रश्न विचारायचाय."

ठेकेदार पहिल्या बाकावर बसला होता, तो दगडूमामाकडं डोळे रोखून बघायला लागला. दगडूमामानं त्याच्याकडं बघितलं. मग हौसाकडं, मग त्या सगळ्या बायांकडं. शेवटी माझ्याकडं. दोन्ही हातांनी त्यानं कठडा धरला.

"तिला न्हाई आणता येणार, साहेब."

"का?"

"तिला पोचवायला मीच गेलो हुतो. तिरडीचा म्होरला बांबू माझ्या खांद्यावर हुता. भैन हुती माझी. दुसरी कुनी भागीरथी न्हाई. ही द्वारकीच झाडायची, बाराबी महिने. समद्या बायका बाराबी महिने झाडायच्या, साहेब. सहा महिन्यांनी नावं बदलायची, असा ठेकेदाराचा हुकूम हुता. लिहिलं मी. माझा गुन्हा हाय, लिहून घ्या."

"अरे ए दगड्या!" ठेकेदार ओरडत उभा राहिला. जज्जसाहेब नुसतं म्हणाले, "खाली बसा." तो बसला.

मला रडू आवरेना. तोंडात पदर कोंबला तरी हुंदके बाहेर यायचे. तेवढ्यात शेजारी काहीतरी हललं. बघते तर हौसा उभी राहिलेली. "साहेब, मलाबी सांगायचंय. सुनीता खुडे म्हंजी माझी पोर. ती शाळेत असायची. झाडत मी हुते." तिचं बोलणं संपायच्या आत मागची एक उठली. मग तिच्या मागची. जज्जसाहेब म्हणाले, "सगळ्यांचं ऐकणार आहे. एकेक करून. आधी पाणी प्या."

चार दिवस साक्षी चालल्या. निकाल लगेच लागला असं समजू नका. कोर्ट ते कोर्टच. वर अपील झालं, तारखांवर तारखा पडल्या, दोघी जणी तेवढ्यात वारल्यासुद्धा. तीन वर्षं लागली. माझ्यावर पोलीस केस काही झाली नाही. जज्जसाहेबांनी लिहिलं होतं की नावं बदलायला लावणाऱ्याची लबाडी झाडणाऱ्या बायकांच्या माथी मारता येणार नाही. दगडूमामाला ठेकेदारानं त्याच संध्याकाळी काढलं. त्यानं केळ्यांची गाडी घातली. मंगलचं ठरलेलं लग्न मोडलं नाही. झालं, ह्याच समाजमंदिरात, आणि भात-आमटी आम्ही सगळ्या जणींनी मिळून केली. मी त्याला माफ केलं का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण त्या दिवशी पंगतीत त्याला मी स्वतः वाढलं.

शेवटचा निकाल आला त्या दिवशी शेख वकिलांनी आम्हाला समाजमंदिरात गोळा केलं आणि पंचवीस नावं वाचून दाखवली. आम्ही पालिकेच्या कायम कामगार झालो होतो. बायका नाचल्या, एकमेकींना मिठ्या मारल्या, हौसानं तर वकिलांच्या पायाला हात लावला, ते बिचारे लाजून मागं सरकले. मी म्हटलं, "वकीलसाहेब, माझ्याबद्दल काय लिहिलंय, तेवढं वाचा."

त्यांनी पान शोधून वाचलं, "मस्टरवर भागीरथी तुपसुंदर ह्या नावापुढं दाखवलेले सर्व दिवस हे द्वारका खुडे हिच्या कामाचे दिवस धरावेत. भागीरथी तुपसुंदर ह्या दिनांक चार मार्च एकोणीसशे ब्याण्णव रोजी मयत असून, त्यांनी त्यानंतर कोणतंही काम केलेलं नाही."

"परत वाचा," मी म्हटलं.

त्यांनी परत वाचलं. आईला मी मेल्यावर पाच वर्षं राबवलं होतं. त्या दिवशी सरकारी कागदावर तिची सुट्टी मंजूर झाली.